फ्रूट क्रीम आणि मिठाची बरणी

बाबा,

मी विश्रांतवाडीला, मावशीकडे, आईला आणायला चाललोय. येईल असं मावशी म्हणते. आई काहीच म्हणत नाही.

रविवारी पाहुण्यांसमोर तुम्ही तिचं फ्रूट क्रीम चाखून, "कोशिंबीर छान झालीये, जरा मीठ द्या," म्हणालात. सगळे हसले. मीही हसलो, म्हणून उन्हात स्कूटर मीच काढतोय.

आता कामाचं. क्रीम फेटून फ्रिजमध्ये ठेवलंय. त्याला सल्ले देऊ नका, फाटेल. चिकू तुम्ही स्वतः सोला. चिकू सोलल्यामुळे कुणाची पेन्शन थांबल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. अननसाच्या फोडी साखरेत शिजवून पूर्ण गार करा, मगच घाला. कच्च्या घातल्या तर क्रीम कडू होतं. केळं मात्र खाली स्कूटरचा आवाज आल्यावरच चिरा. आधी चिरलंत तर ते काळं पडेल, आणि घरात तोंड पाडून बसलेले आपण दोघं पुरे आहोत.

आई दारात आली की विनोद करू नका. वाटी पुढे करा. ती म्हणेल, "चिकूच्या फोडी फार मोठ्या झाल्यात." त्यावर फक्त "हो" म्हणा. आरशासमोर एकदा म्हणून बघा, सवय नाहीये तुम्हाला.

सलिल

ता. क. मिठाची बरणी मी डिकीत घालून नेतोय. आई आली तर बरणीही परत येईल. नाही आली, तर बरणी तिच्याकडेच ठेवून येईन. मग मीठ मागायला तुम्हालाच विश्रांतवाडीला जावं लागेल.