अठरा इंची चाकं

कुसामो,
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

प्रिय ईना,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला पाच दिवस लावले म्हणून रागावू नकोस. फोन करता आला असता, पण फोनवर मी 'हं' आणि 'बरं' यापलीकडे जात नाही हे तुला चांगलं ठाऊक आहे. माझी लेम्पी होती तेव्हा ती माझ्या वतीने बोलायची. आता माझं मलाच बोलावं लागतं, आणि मला ते कागदावरच जमतं. तुझं पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कॉफीच्या डब्याला टेकवून ठेवलंय. येता-जाता वाचतो. नोव्हेंबरपासून तुला खेड्यापाड्यांत फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांची शुश्रूषा करायचं काम मिळालं, जुनी का होईना गाडी घेतलीस, हे वाचून किती बरं वाटलं सांगू! तीन हिवाळे तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस. उन्हाळ्यात बसने येता, चार दिवस राहता आणि जाता. आजोबांच्या घरचा बर्फ कधी पाहिल्याचं हिल्लाला आठवतच नसेल. टायर चांगले मिळाले तर नाताळला गाडी घेऊन येईन, असं तू लिहिलंस, आणि मी लगेच वरच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. ऊन कसलं म्हणा, नुसता उजेड.

पण त्याच पत्रात तू आणखी एक वाक्य लिहिलं आहेस. 'कुठली चाकं आणि कुठले टायर ते तुम्हीच ठरवा, माझ्या डोळ्यांवर आता माझा भरवसा नाही. मागच्या वेळी मी दिसण्यावर भाळले आणि ओत्सो गेला.' पाच दिवस लागले ते या वाक्यामुळे. त्याच्याकडे येतो, ईना. आधी चाकांचं सांगू दे, ते सोपं आहे.

ड्रायव्हरचं दार उघड. दाराच्या चौकटीवर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर त्या गाडीला चालणारी मापं असतात. तू कळवलेली तीन मापं त्यावर आहेत ना बघ: पंधरा, सोळा आणि सतरा इंच. पंधरा घे. मात्र घेण्याआधी एक चाक बसवून हाताने फिरवून बघायला सांग, कारण काही गाड्यांचे पुढचे ब्रेक इतके मोठे असतात की पंधराची रिम त्यांना घासते. घासली तर सोळा. सतराच्या वाटेला जाऊ नकोस. रिम लहान झाली म्हणून चाक लहान होत नाही, बाहेरून उंची तेवढीच राहते, फक्त रबराची भिंत उंच होते आणि खड्ड्यातला दणका ती खाते. टायर एकशे पंचाण्णव मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे अरुंद. दुकानदार म्हणेल, रुंद टायर रस्ता जास्त धरतो. कोरड्या डांबरावर धरतो, त्याचं खोटं नाही. पण आपला नोव्हेंबर कोरडा कधी असतो? अर्धवट वितळलेला बर्फ चाकोरीत साठून राहतो, त्या चिखलात अरुंद टायर खाली रस्त्यापर्यंत उतरतो आणि रुंद टायर वरच तरंगतो. तरंगला की स्टिअरिंग हातात असतं आणि गाडी हातात नसते.

आता टायर बर्फ धरणाऱ्या खिळ्यांचे की बिनखिळ्यांचे. तू शहरातच गाडी चालवणार असतीस तर म्हटलं असतं, बिनखिळ्यांचे घे, आवाज कमी. पण तुझे म्हातारे राहतात कच्च्या रस्त्यांच्या टोकाला, तिथे बर्फ वितळवायला मीठ टाकायला कोणी येत नाही, आणि जानेवारीत तो रस्ता आरशासारखा होतो. खिळ्यांचे घे. चारही चाकांना एकच जात, एकच वर्ष. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यातले शेवटचे दोन म्हणजे वर्ष. चार वर्षांहून जुना टायर कोणी देऊ केला तर नको म्हण. कायदा टायरच्या खाचांची तीन मिलिमीटर खोली मागतो, तू आठ माग. नवे खिळे रबरात नीट बसेपर्यंत पहिले पाचशे किलोमीटर हळू चालव, झटक्याने ब्रेक मारू नकोस. चाकं बदलल्यावर शंभर किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा पान्याने आवळ. हे लोक विसरतात. आमच्या ओइवासारखा माणूसही विसरला होता. तीन गावांची रेनडिअर एकटा हाकणारा, पण चाक सुटून त्याच्याच गाडीपुढे धावत गेलं. वर मलाच म्हणतो, "ताइस्तो, माझ्या गाडीपेक्षा तुझं चाक वेगवान आहे रे!"

हा ओइवा अजून रोज सकाळी येतो. मी चाकांचं दुकान विकून दोन वर्षं झाली तरी त्याला वाटतं इथे कॉफी फुकट मिळण्याचा करार कायम आहे. परवा बारीक बर्फ पडला आणि नेहमीप्रमाणे अख्ख्या गावाला एकाच सकाळी अक्कल आली. नव्या मालकाच्या दारात चाकं बदलायला रांग लागली. मी खिडकीतून बघत होतो. ओइवा म्हणाला, "जा की, दोन-चार लोकांना हाकलून दे, तेवढंच बरं वाटेल तुला." कारण माझी ख्यातीच तशी होती. मोठ्या रिमा मागायला आलेल्या माणसाला मी समजावायचो, ऐकलं नाही तर परत पाठवायचो. बँकेच्या साहेबाला परत पाठवलं, पाद्रीबाईंना परत पाठवलं. "तुला गिऱ्हाइकं नकोत, शिष्य हवेत," असं ओइवा तेव्हाही म्हणायचा. अडतीस वर्षांत माझ्या हातून चुकीच्या चाकावर कोणी या गावाबाहेर गेलं नाही, असं मी छाती फुगवून सांगत असे.

ओत्सोच्या बाबतीतही मी तसाच होतो. तुझ्याकडे त्याने तक्रार केली असेलच. त्याच्या लहानपणी माझ्या तोंडून 'नाही' हा शब्द 'जेवलास का' यापेक्षा जास्त वेळा गेला असेल. मोपेड नाही. तळ्यावर इतक्यात स्केटिंग नाही. आणि स्वयंपाकी व्हायचंय म्हणाला तेव्हा तर, "पुरुषासारखा पुरुष आणि लोकांची सुपं ढवळणार?" असं मी भर जेवणात बोललो. तो उठला, ताट धुऊन ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेला गेला. त्याची आई, लेम्पी, होती तोवर तिच्या फोनमधून आम्हाला एकमेकांची खबर लागायची. ती गेल्यावर तेही संपलं. चार वर्षं आम्ही दोघे एकमेकांच्या फोनची वाट बघत बसलो आणि दोघांपैकी एकानेही केला नाही. अभिमान म्हणतात त्याला. मला तो नुसता मूर्खपणा वाटतो आता. मग तू आलीस आमच्या आयुष्यात. दीड वर्षाच्या हिल्लाला घेऊन तू त्याला माझ्या दारात उभं केलंस, आणि त्याच्या आधी तूच आत येऊन म्हणालीस, "कॉफी आहे का? तुम्ही दोघे बापलेक बोलेपर्यंत मी थांबू शकणार नाही." ते उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज लिहितो आहे.

आणि मग तीन वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर. तुम्ही नवी गाडी घेऊन आलात, हिवाळ्याची चाकं माझ्याकडूनच बसवायची म्हणून सहाशे किलोमीटर. ओत्सो तसं म्हणाला तेव्हा मला मागे जाऊन उगाच हत्यारं लावत बसावं लागलं, डोळे भरून आले होते म्हणून. भिंतीवर ती अठरा इंची चाकं टांगलेली होती, कुणीतरी दक्षिणेकडच्या माणसाने मागवून न नेलेली. पाच पाकळ्यांची, चंदेरी. हिल्लाला कडेवर घेऊन तू त्यांच्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ओत्सो, ही लावली तर आपली गाडी पहिल्यांदा गाडीसारखी दिसेल!" ओत्सो हसला. "बस खाली, ईना. आता बाबा तासभर प्रवचन देणार, मी लहानपणापासून पाठ केलंय." दोघेही माझ्याकडे बघत होतात. आणि मी म्हणालो, "छान दिसतात." ओत्सोचा चेहरा तुलाही आठवत असेल. संध्याकाळी सौनामध्ये, त्या वाफेच्या न्हाणीघरात, त्याने माझ्या पाठीवर पाणी ओतलं आणि म्हणाला, "म्हातारा झालास तू, चांगला झालास." इतक्या वर्षांत त्याने मला दिलेली ती पहिली शाबासकी. मी रात्रभर तिच्या आनंदात झोपलो.

पुढचं तुला मी काय सांगणार? नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. रात्रभर ओला बर्फ पडला, सकाळी तो शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला निघाला. सरळ रस्ता, वळणसुद्धा नाही. चाकोरीतल्या त्या चिखलावर गाडी तरंगली आणि समोरून लाकडाचा ट्रक आला. पोलिसांच्या कागदात लिहिलं होतं की वेग बेताचा होता, टायर नवे आणि नियमाप्रमाणे होते. 'नियमाप्रमाणे' हा शब्द मी किती महिने उराशी धरून बसलो, तुला कल्पना नाही. दफनाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "मला ती चाकं आवडली होती, ताइस्तो. तुम्ही दुसऱ्या कोणालाही नाही म्हणाला असतात, माझ्या भिडेखातर गप्प बसलात." मी तुझ्या हातावर थोपटलं. एवढंच केलं. मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो आणि विसरतो. आता तुझ्या पत्रावरून कळलं की तू विसरली नाहीस, तीन वर्षं हे ओझं घेऊन तू झोपतेस आणि उठतेस. म्हणून गाडी सोडलीस. म्हणूनच हिल्लाच्या चपलांचा रंगसुद्धा दुकानातल्या बाईला निवडायला सांगतेस. उन्हाळ्यात मी ते पाहिलं होतं. तेव्हाही गप्प बसलो.

आता जे लिहिणार आहे त्यासाठी पाच दिवस मी पेन उचलत आणि ठेवत होतो. न लिहिता नुसती मापं कळवली असती तर तू नाताळला आली असतीस, हिल्लाने माझ्या अंगणात बर्फाची बाहुली केली असती, आणि तुला कधीच कळलं नसतं. तुम्ही निघालात त्या सकाळी तू वर हिल्लाला गरम कपडे घालत होतीस. ओत्सो एकटा दुकानात आला. उकिडवा बसून त्याने टायरवर अंगठा दाबला आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा, आता आपण दोघेच आहोत. खरं सांग. ओल्या बर्फात हे रुंद टायर चालतील का? नको म्हणालास तर मी ईनाला सांगतो, ती काही हट्टी नाही, हसून सोडून देईल." मागच्या फळीवर सोळाची चार चाकं तयार पडली होती, त्याच गाडीला बसणारी, अरुंद, खिळ्यांची. बदलायला अर्धा तास लागला असता. माझ्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या धंद्यातलं काही मला विचारलं होतं, आदल्या संध्याकाळी मला चांगला म्हणाला होता, आणि माझ्या तोंडून पुन्हा तो जुना 'नाही' निघाला तर मुलगा पुन्हा दुरावेल अशी मला भीती वाटली. मी म्हणालो, "चालतील. तू काही वेडावाकडा चालवत नाहीस." त्याने मान डोलावली, कारण चाकांच्या बाबतीत बाप खोटं बोलत नाही एवढा विश्वास त्याला होता. तुझ्यामुळे काही झालेलं नाही, ईना. तुला ती आवडली होती, इतकंच, आणि आवडण्यात काही गुन्हा नाही. त्याने विचारलं होतं, आणि उत्तर मी दिलं होतं. हे कळल्यावर नाताळला यावंसं वाटलं नाही तर मी तुला दोष देणार नाही, फोनही करणार नाही. फक्त यापुढे हिल्लाच्या चपला तू निवड.

अपराधी, पण तुझाच,
ताइस्तो