सामुद्रधुनी बंद आहे

अर्खान्गेल्स्क,
२ ऑगस्ट १९६१

चि. तीशा,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बर्फाची पाहणी करणारं विमान हे पत्र तुमच्या बेटावर टाकेल, असं बंदर कचेरीत म्हणाले. तुझ्या हाती पडेल तोवर तुला आणायला जहाज निघालेलं असेल. त्या हवामान केंद्रावर दोन वर्षं काढलीस, पुरे झाली. तुझ्या दहा-दहा शब्दांच्या तारा वाचून आई म्हणते, या पोराला समुद्राने मुका केला की काय.

तिचं काही ठीक नाही. पाय सुजतात, जिना उतरत नाही. डॉक्टर हृदयाचं नाव घेतात. पण तू येणार म्हणून मोरोश्का बेरींच्या मुरंब्याची बरणी कुलपात ठेवली आहे, आणि या वयात मला चोर म्हणते. दाढी काढून ये, नाहीतर मी दार उघडणार नाही.

लोभ आहेच, आता तो समोर बसून सांग.

तुझी ताई,
ग्लाशा

वेत्रेनी बेट,
२० जानेवारी १९६२

ती. ग्लाशाताईस,
तीशाचा सा. न. वि. वि.

मार्चमध्ये विमान बर्फावर उतरेल, तेव्हा हे पत्र निघेल. आई गेल्याची तार मिळाली. दोनच शब्द होते, त्यावरून तू रागावली आहेस हे कळलं. म्हणून झालं ते सांगतो.

२७ ऑगस्टला जहाज सामुद्रधुनीच्या तोंडाशी आलं. आमच्या जागी येणारी माणसं त्यातच होती. कप्तानाने वायरलेसवर विचारलं, आत बर्फ किती. मी टेकडीवर चढलो. खाली मोकळं पाणी असलं की ढगाचं पोट काळसर दिसतं. त्या दिवशी ते उत्तरेला सगळं पांढरं होतं. वायव्येचा वारा बर्फ किनाऱ्याकडे दाबत होता. दहात नऊ हिस्से बर्फ. मधे पाण्याची एक पट्टी होती. तिच्यातून जहाज आत आलंही असतं, पण मागे वाट मिटली असती आणि बर्फाने त्याला चिरडलं असतं.

इथे आम्ही दोघंच, मी आणि वायरलेसवाला पीमेन. तो इकडे आल्यावर त्याला मुलगी झाली, तिला त्याने अजून पाहिलेलं नाही. तो म्हणाला, सहा लिही, म्हणजे जहाज आत येईल; धुक्यात नजर चुकतेच.

ताई, मी सहा लिहिलं. तासभर तो कागद पुढ्यात घेऊन बसलो. आईचे सुजलेले पाय डोळ्यांपुढून हलेनात. मग बाबा आठवले. त्यांच्या होडीलाही कुणीतरी पुढे पाणी मोकळं आहे असंच सांगितलं होतं. मी सहा खोडून नऊ केलं. पीमेनने तो आकडा पाठवला. जहाज वळलं. त्याचा धूर दिसेनासा होईपर्यंत मी टेकडीवर उभा होतो.

त्यानंतर पीमेन माझ्याशी बोलायचा थांबला. एका चुलीवर दोघांचा चहा, पण साडेतीन महिने शब्द नाही. मी वाऱ्याचे आकडे मोठ्याने वाचायचो, निदान आपला तरी आवाज कानावर पडावा म्हणून. तुझी तार त्यानेच उतरवून घेतली. कागद माझ्या हाती दिला, शेजारी बाकावर बसला आणि आईचं नाव काय होतं ते विचारलं.

ती माझ्यावर रागावून गेली का, एवढं कळव. लोभ उरला असेल तर असू द्यावा.

तुझा,
तीखोन

अर्खान्गेल्स्क,
९ एप्रिल १९६२

चि. तीशा,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू आणखी एक वर्ष केंद्रावर राहणार, एवढंच कचेरीने कळवलं होतं. का, ते नाही. मी रागाच्या भरात आईला सांगितलं की तुझ्या लेकाला तिकडेच करमतं, त्याने मुदत वाढवून घेतली.

तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, जहाज पोचायचं होतं त्या आठवड्यात तिकडे वारा कुठला होता. मी म्हटलं, मला काय ठाऊक. तर म्हणाली, वायव्येचा, आठ दिवस एकसारखा. पोरगा राहिला नाही, अडकला आहे. खलाशांसाठीचं हवामान ती रोज रेडिओवर ऐकायची, आपल्याला कधी सांगितलं नाही. मला वाटलं, नेहमीसारखी तुझी बाजू घेते आहे. मी हसले.

शेवटच्या दिवशीही तिने वारा विचारला. म्हणजे ती रागावून गेली नाही, तीशा. रागावले होते ती मी. आणखी काही शब्द घालायचे का, असं तारघरातल्या बाईने विचारलं होतं. मी नको म्हटलं. त्याची आता लाज वाटते.

या ऑगस्टलाही बर्फ दाटला तर दाटला म्हणूनच कळव. मी इथे आहे. संध्याकाळी रेडिओ आता मी लावते.

लोभ होता तेवढाच आहे.

तुझी,
ग्लाशा