खांदा आता दुखत नाही

सुलास्त्री,

बाटिकच्या कारखान्यातून आलीस की आधी जेव. भात पातेल्यात आहे, सोयाबीनचं तेंपे तळून झाकून ठेवलंय.

काल दुपारी मालिशवाली साकिनेम आजी येऊन गेली. आलं-तांदळाचा लेप लावून तिने तासभर माझा खांदा रगडला. मध्येच विचारलं, "नवऱ्याला किती वर्षं उचललंस?" म्हटलं, चार. "आता कुणाला उचलतेस?" म्हटलं, कुणालाच नाही. "मग राहील बरा," म्हणाली आणि हात धुवायला उठली.

आज सकाळी हात सरळ वर गेला. वरच्या फळीवरची मोठी कढई मी माझी मीच काढली. तुझे बाबा गेले त्या दिवशी रडू आलं नाही, तसं आजही आलं नाही. खांदा दुखत नाही, एवढंच कळलं.

म्हणून त्यांची चाकांची खुर्ची आरोग्य केंद्रात परत द्यायला निघाले आहे. तू तिला कुणाला हात लावू देत नाहीस, ठाऊक आहे. तू घरी असतीस तर मला हे जमलं नसतं. कालव्यापलीकडच्या वार्दोयोंना ती हवी आहे. त्यांची बायको रोज त्यांना पाठीवर घेऊन दारात आणते. काल बाजारात दिसली, तेव्हा एका बाजूने वाकून चालत होती.

रागावलीस तरी चालेल.

मला उशीर झाला तर शोधायला येऊ नकोस. केंद्राबाहेरच्या बाकावर बसले असेन. दुखत काही नसेल, नुसतीच बसले असेन.

आई