विरघळणारा जोड

तीर्थरूप मामा,

पोटावरचा व्रण अजून ओढतो, त्यामुळे उभ्यानेच नमस्कार करतो, वाकलो असं समजून घ्या. तुमचा खोकला आणि मामीचा गुडघा कसा आहे? मी शिडीवरून पडलो त्याला तीन महिने झाले. शिडी तुम्ही धरली होती, म्हणून त्या दिवसापासून तुम्ही ना दवाखान्यात आलात, ना कामावर. तेव्हा तुमचं काय पाहायचं राहिलं ते लिहितो.

पडताना मी बेसिनच्या कडेवर आपटलो आणि लिव्हर फाटलं. (वीस वर्षं लोकांच्या भिंतींतली गळती शोधली, स्वतःच्या पोटातली कळली नाही. चक्कर आली तेव्हा वाटलं, उपाशीपोटी चढलो म्हणून.) डॉक्टरीणबाई सांगत होत्या, लिव्हर इतकं मऊ असतं की टाका घालावा तर दोराच त्याला कापत जातो. मग त्यांनी पांढऱ्या स्पंजासारखा एक पातळ तुकडा भेगेवर ठेवला आणि पाच मिनिटं नुसता दाबून धरला. तो रक्त शोषून जागीच साकळवतो म्हणे. मामा, रक्त थांबलं. ना पाना, ना टेप, चालू लाइनवर जोड. शुद्धीवर येताच मी विचारलं, टेस्टिंग केलं का. त्या न हसता म्हणाल्या, केलं, कोरडं राहिलं तेव्हाच पोट बंद केलं. मला भरूनच आलं.

घोळ पुढे झाला. तो तुकडा सहा-आठ आठवड्यांत शरीरातच विरघळून जाईल, असं त्यांनी सांगितलं. (असा जोड आपल्याला कोणी विकला असता तर आपण त्याला दुकानाबाहेर ओढलं असतं.) मी कॅलेंडरवर सहाव्या आणि आठव्या आठवड्याला खुणा केल्या आणि मधल्या दोन आठवड्यांत अंथरुणावर मेणकापड घालून, शेजारी बादली ठेवून, कूससुद्धा न बदलता पडून राहिलो. शेवटी तुमच्या भाचेसुनेने बादली उचलून नेली आणि मला सोनोग्राफीला नेऊन बसवलं. तुकडा कुठेच नव्हता आणि थेंबभरही गळत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिव्हर आपलं आपणच सांधत होतं, तुकड्याने तेवढे दिवस फक्त धरून ठेवलं. अजून मी पोटावर हात ठेवतो आणि थक्क होऊन बसतो.

तुमचा भाचा

ता. क. सोमवारी तीन मजली इमारतीवरच्या टाकीचं काम आहे. चढायची परवानगी मिळाली आहे, पण शिडी तुम्ही धरलीत तरच चढेन. मी पडलो तो ओल्या चपलांमुळे. तुम्ही त्या काढायला दोनदा सांगितलं होतं, म्हणूनच आजवर गप्प बसलो. माझं चुकलं.

आणखी एक. मामी, चष्मा सापडत नाही म्हणून त्यांनी हे तुलाच वाचायला लावलं असणार. चपलांपाशी येताच ते उठून आत गेले असतील, तर दाराशी उभी राहून तेवढं पुन्हा वाच, जरा मोठ्याने.