मडम कवा फुटते

८ नोव्हेंबर १८६४
दुपारी चार वाजता परतवाड्यापुढच्या या डोंगरपायथ्याच्या गावी पोहोचले, आणि चार वाजून पाच मिनिटांनी पाटलाच्या बायकोने, मैनाबाईने, मला न विचारता माझ्या दोन्ही कानांत कापसाचे फाये कोंबले. अत्तर नाही, वास नाही, नुसता सरकीसकट कापूस. पाव्हणीचा मान म्हणे! मुंबईच्या मिशनच्या शाळेत शिकून तिथेच मुलींना शिकवण्यात जन्म गेला, पण असला मान कोणी केला नव्हता. बाकी मन प्रसन्न आहे. निवृत्त झाल्यापासून इकडची देवळे आणि मेळघाट पाहायचा होता. देवीच्या देवळामागे झरा, पलीकडे सागाचे जंगल, अलीकडे काळ्या मातीत पांढराशुभ्र कापूस.

९ नोव्हेंबर
आज वेचणीचा मुहूर्त. मैनाबाईने कापसाच्या ओळीत पूजा मांडली, दहीभात शिंपडला, उरलेला मला खाऊ घातला. दही आंबलेले, भातात केसाळ कडक दाणे. विचारले तर म्हणाली, "सरकी हाय जी. थुकू नका, देवी कोपते." शिष्टाचार म्हणून गिळले. अजून घशात केस अडकल्यासारखे वाटते. शी!

११ नोव्हेंबर
कानातले फाये निघत नाहीत. ओढले की आत, पार घशापाशी, काहीतरी ओढले जाते. खुशालराव पाटलांकडे गाडी मागितली. ते म्हणाले, तुम्हाला घेऊन आलेला नत्थुजी गाडीवान कापूस लादून अमरावतीला गेला. अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला एवढा भाव चढलेला असताना माणसांसाठी बैल कोण जुंपतो? ओसरीवरच्या बाया मला भाजी निवडावी तशा निरखत होत्या. एकीने विचारले, "मडम कवा फुटते वो?" मैनाबाई हसली, "काहून घाई करून राहिली? जरा ऊन तं लागू दे." मला रडू फुटायची वाट पाहतात! मी त्यातली नव्हे.

१३ नोव्हेंबर
सकाळी नाकातून शेंबडासारखी ओली वात आली. ओढत गेले, ती येतच राहिली. टोकाला सरकी, मोड आलेली. ओकले. ओकारीतही तेच. पाटील कापसाच्या एका दलालाला घेऊन आले. त्याने माझ्या रुमालातली वात उचलली, पुसली, बोटांवर ताणली आणि म्हणाला, विलायतेला अस्साच लांब धागा पाहिजे. माझ्याकडे पाहिलेही नाही.

१४ नोव्हेंबर
कानात दडे बसलेत. तरी शेतातली हाक ऐकू आली. खिडकीतून पाहिले. एक हिरवे बोंड तडकले, आतले पांढरे बाहेर लोंबले. मैनाबाई ओरडत होती, "फुटलं वो, फुटलं!"
फुटणे म्हणजे हे —

१५ नोव्हेंबर
बरगड्यांखालची कातडी ताठ, हिरवट. मधोमध शिवणी पडल्यात. दार बाहेरून लावलेले. अंगणात बाया कमरेला कापूस वेचायच्या ओट्या बांधून —

दुपार
खुशालराव पाटील यांस. माझ्या देहाशी हा किळसवाणा प्रकार कोणत्या अधिकाराने केलात, याचा खुलासा उद्या सकाळी आठच्या आत, वेचणीच्या बाया आत येण्यापूर्वी, मला लेखी द्यावा. तोंडी सांगू नये. मला आता ऐकू येत नाही — कौलांतून ऊन पडलंय पोटावर — शिवण उसवते — लेखीच द्या — दाराखालून सरकवा — दार हललं — मैनाबाई, आठ वाजायचेत अजून, उद्या आठ —
ओटी पसरून ती