चेक चालू असताना

शनिवार, १० जानेवारी

आमच्या लेकीला, तनयाला, बंगळुरूला नोकरी लागली. एक तारखेला निघणार. मला विशेष काही वाटलं नाही. कॉलेजच्या परीक्षा विभागात फेरतपासणी करण्यात हयात गेली, मी असा सहजासहजी हलत नाही.

आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नाही. अपवाद फुटबॉल. गोल झाला की तनया सोफ्यावरून उडी मारायची आणि थेट माझ्या गळ्यात पडायची, पार कॉलेजात जाईपर्यंत. अर्थात तो खेळाचा भाग. जाण्याआधी तसा एक गोल व्हावा, एवढंच. मॅचेस भरपूर आहेत. होऊन जाईल.

शनिवार, १७ जानेवारी, संध्याकाळ

गोल! मी उठलो, हात पसरले. तनया जागची हलली नाही. म्हणाली, थांबा बाबा, ऑफसाइड बघतायत. पडद्यावर कुणाच्या तरी गुडघ्यापासून रेघा ओढणं सुरू. बायकोने, सुचेताने, विचारलं, हात का असे? आळस देतोय म्हणालो. शेवटी गोल दिला, पण तोवर तनया चहा गाळायला गेली होती.

व्हिडिओ रेफरी आला तेव्हा मीच तिला शिकवलं होतं, आधी निर्णय, मग आनंद. शिकवण मुरली म्हणायची. अभिमान वाटला.

रविवार, १८ जानेवारी

नवा प्लॅन. व्हिडिओ रेफरीच्या आधीची जुनी मॅच लावली. गोल झाला. तिला निकाल पाठ. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, भारी.

रविवार, २५ जानेवारी

आज हमखास. तनयाला घेऊन इथल्याच वडप्याच्या मैदानावर गेलो, गोदामवाले विरुद्ध निजामपुऱ्याचे पॉवरलूमवाले. कॅमेरा नाही, रेघा नाहीत. शेवटी शेवटी लूमवाल्यांनी गोल ठोकलाच. तनया किंचाळली, दोन्ही हात पसरून माझ्याकडे वळली.

मी लाइन्समनकडे बघत होतो. सवय.

झेंडा खालीच होता. वळून बघतो तर ती शेजारच्या अनोळखी बायकांत नाचतेय. बाजूचा एक लूमवाला म्हणाला, "चाचा, गोल हो गया. अब किसका इंतजार है?"

मला ऑफसाइड वाटला होता, हे मी अजूनही म्हणेन. जेवण गेलं नाही. मैदानावर वडापाव खाल्ला होता, त्यामुळे असेल.

रविवार, १ फेब्रुवारी

गाडीपाशी तनया पुढे झुकली. मला वाटलं बॅग मागतेय. दिली. पट्टा सरळ करून दिली.

गाडी वळल्यावर सुचेता म्हणाली, "अहो, ती बॅग मागत नव्हती."

मी म्हणालो, दिवाळीत येईलच की. पण फार वाईट वाटलं. दुपारभर वाटत राहिलं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

मॅच लावली. गोल. लगेच तनयाचा फोन. मागे तिच्या रूमवरच्या मुलींचा आरडाओरडा.

मी म्हणालो, "थांब, ऑफसाइडचा चेक चालू आहे."

"असू द्या हो बाबा. आमचं नाचून पण झालं."

फोन ठेवला आणि गोल रद्द झाला. म्हणजे माझंच बरोबर निघालं. आत जाऊन सुचेताला तसं सांगितलं. ती बरं म्हणाली.