उतरती करडई

ढोकी,
२० जानेवारी २०२५

ती. ताईस भागवतचा शि. सा. न.

हे पुरं लिहायला येतं बरं का, कॉलेज अर्ध्यात सोडलं तरी. पण हाताला पुट्टी लागलीय, म्हणून आखूड.

माझा फोन लागत न्हाय म्हणून तू बिभीषणमामाला दोनदा विचारलंस म्हणे. लागणार कसा? राजनंदिनीच्या साखरपुड्याचा फोटो कुणीतरी स्टेटसला ठेवला, आणि मी तो फोन हौदाच्या कट्ट्यावर आपटला. तसाही तुझा फोन कायम दाजींच्या खिशात असतो. आपलं पत्रच बरं.

आता बसून वाच. सध्या मामाच्या हाताखाली मी जे घर रंगवतोय, ते अमरसिंहचं आहे. व्हय, तोच. तिचा होणारा नवरा. मामाला यातलं काही ठाऊक न्हाय. अमरसिंह आपणहून मामाकडं आला आणि म्हणाला की हातानं रंग कालवणारा, आपल्या सोनारीकडचा कुणी पोरगा असंल तर त्यालाच धाडा. ढोकीत पेंटर काय कमी आहेत? पण माझ्या हाताचं नाव झालंय ताई, तीन महिन्यांत.

सगळं घर साधं मोतिया. फक्त वरची खोली, नव्या नवरीची, नारंगी पाहिजे. कुठला नारंगी ते सांगत न्हाय. शेडकार्ड बघायलासुद्धा तयार न्हाय. मी केशरी दाखवला, शेंदरी दाखवला. तो भिंतीवरच्या नमुन्याच्या पट्ट्यापुढं लई वेळ उभा राहतो, खाली वाकून बघतो, मग माझ्याकडं बघतो आणि हळूच म्हणतो की अजून तो न्हाय. आवाज कधी चढत न्हाय त्याचा. त्याची आई गजराबाई जिन्यावरनं विचारत होत्या की शेंदरी खोलीत सून झोपवायचीय का भैरोबा बसवायचाय.

मला हसू आलं. ह्या घरात मला हसू आलं, त्याचाच राग येतोय.

दाजींना नमस्कार, पिंकीला पापा. तुझी माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
भागवत

---

ईट,
२६ जानेवारी २०२५

चि. भागवत यास दैवशालाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पिंकीनं पापा घेतला आणि मामाचा फोन कुणी फोडला ते विचारलं. मी मांजरानं म्हणून सांगितलं.

तुझ्या हाताचं नाव झालं असंल, मला आनंदच आहे. पण मला दोन गोष्टी कळंनात. त्याला सोनारीकडचाच पोरगा का पाहिजे? आणि खोली नवरीची असताना रंग नवरीला सोडून पेंटरला का विचारतोय?

परवा आण्णासाहेबांच्या घरी हळदीकुंकू होतं, म्हणून मुद्दाम गेले. राजनंदिनीनं मला मोरीकडं नेलं. पोरगी निम्मी झालीय. म्हणाली, अमरसिंह रोज फोन करतात, गोड बोलतात, जेवलीस का विचारतात, आणि ठेवताना एकच प्रश्न, की तुझा नारंगी कुठला. हिनं पहिल्या दिवशी सांगितलं की कुठलाही चालंल. दुसऱ्या दिवशी परत तेच. परवा अठरावा दिवस होता. हिनं कधी त्यांच्यापुढं नारंगीचं नाव काढलेलं न्हाय. ते मधीच आलं कुठनं, ह्या भ्यानं तिला झोप न्हाय. वडिलांना, आण्णासाहेबांना, सांगितलं तर ते हसले, म्हणाले हौशी जावई मिळाला.

भागवत, तू काही केलं असशील तर मला लिही. आणि ते काम सोड. मामाला सांग आजारी आहे. लहानपणी खोटं आजारी पडायला तुला कुणी शिकवावं लागलं न्हाय.

तब्येतीला जप. ह्या बहिणीवर रागावलास तरी चालंल, पण ऐक.

तुझी,
ताई

---

ढोकी,
१ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न.

रागावलो न्हाय. आता तू रागावशील.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मी परंड्याला जाऊन अमरसिंहच्या नावानं एक पत्र टाकलं. नाव न घालता. त्यात एकच ओळ होती, होणाऱ्या बायकोला विचार, उतरती करडई म्हणजे कुठला रंग. एवढंच. त्याचं डोकं फिरंल आणि लग्न मोडंल, असं वाटलं. माझं डोकं फिरलेलं होतं तेव्हा.

कॉलेजच्या वाटंवर करडईचं रान होतं. फूल उमलताना पिवळं असतं आणि वाळायला लागलं की नारंगी होतं. पुरं लाल व्हायच्या आधी एक-दोन दिवस जो रंग असतो, त्याला राजनंदिनीनं उतरती करडई नाव ठेवलं. काटे टोचून घेऊन तोडायची. म्हणायची की आपल्या खोलीला हाच द्यायचा. ह्यापलीकडं आमच्यात काही न्हाय ताई, देवाशपथ. पण तो शब्द आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक न्हवता.

म्हणजे पत्र त्याला मिळालंय. पण लिहिणारा कोण ते त्याला कळलेलं न्हाय, मला तो पेंटरच समजतो. मग पळून कशाला जाऊ? पळालो तरच संशय.

आणि काल मी तो रंग कालवला. खरं सांगतो, ठरवून न्हाय. पाच पट्टे झाले, पाचही त्यानं नाकारले. सहाव्याला हात आपोआप गेला. पांढऱ्या रंगात पिवळा स्टेनर जास्त, लाल जरासाच, शेवटी काळ्याचा एक थेंब, वाळल्यासारखं दिसायला. ओला असताना काही वाटलं न्हाय. दुपारी वाळला आणि मी दोन पावलं मागं सरलो. हुबेहूब तेच रान.

तो आला. ह्या खेपेला न्हाय म्हणाला न्हाय. नुसतं विचारलं, याला काय म्हणता तुम्ही. मी काय येडा आहे? नारंगी, नमुना सहा, म्हणालो. प्रत्येक पट्ट्याखाली पेन्सिलीनं नाव आणि प्रमाण लिहायची आमची रीत आहे, म्हणजे पुढचा डबा तसाच कालवता येतो. तिथंसुद्धा तेवढंच लिहिलं. त्यानं वाकून वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

हात गार होता त्याचा.

भोळ्या भावावरची माया आटू देऊ नको.

भागवत

---

ईट,
६ फेब्रुवारी २०२५

चि. भागवत यास आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ताच आलं. दाजी रानातून यायच्या आत लिहितेय.

येड्या, त्याला रंगाचं नाव पाहिजे न्हवतं. तो वाकून काय बघत होता? सहा पट्ट्यांखाली तू सहा खेपा स्वतःच्या हातानं लिहिलंस. अक्षर बदललंस का? तुझा र लांबूनसुद्धा ओळखू येतो, मास्तर मारायचे त्यावरनं. त्याच्याकडं तुझी चिठ्ठी आहे आणि भिंतीवर तुझं अक्षर आहे.

असशील तसा नीघ. पण आधी तो पट्टा खरवड.

ताई

---

ढोकी,
७ फेब्रुवारी २०२५

श्री. भागवतराव यांस अमरसिंहचा स. न. वि. वि.

समोर बोललो असतो तर आपण चिडला असता, म्हणून हे डब्याखाली ठेवत आहे.

पाकिटावर शिक्का परंड्याचा आणि आत प्रश्न रंगाचा, म्हणून सोनारीकडचा रंगारी मागवला. आपलं अक्षर मी दुसऱ्याच पट्ट्याला ओळखलं. तरी थांबलो, कारण माणूस सापडला होता, रंग सापडायचा होता. तोही आपण दिलात. आभारी आहे.

लग्न मोडावं म्हणून आपण लिहिलंत. मी मोडणार नाही. तारीख तीच राहील. चारी भिंतींना हाच रंग द्यावा, कुठं डाग राहू नये. राजनंदिनी खोलीत पाऊल टाकतील तेव्हा मी काही विचारणार नाही. त्यांनी आपणहून सांगावं म्हणून वाट बघेन. किती दिवस लागतील ते लागोत. मला वाट बघता येते, हे आपण पाहिलंच आहे.

काम चोख होईल ही खात्री बाळगतो.

आपला,
अमरसिंह

---

ढोकी,
८ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र आज मिळालं, त्याचं काल. दोन्ही पुढ्यात ठेवून लिहितोय.

पहिल्यांदा वाटलं, डबा त्याच्या डोक्यात घालावा. जिन्यापर्यंत गेलोसुद्धा. वर तो खिडकीत बसला होता, मला बघून उठला न्हाय. त्याला तेच पाहिजे होतं ताई. मी हात उचलला की ती कायमची खोटी ठरली. माघारी आलो. पट्टा मात्र खरवडला न्हाय. खरवडून काय उपयोग, तो आता त्याच्या डोळ्यात आहे.

मी आण्णासाहेबांकडं येतोय. अमरसिंहचं हे पत्र त्यांच्या हातात देणार आणि निनावी चिठ्ठी माझी होती हे सगळ्यांदेखत सांगणार. राजनंदिनीला त्यातलं काही ठाऊक न्हवतं, हे पण. मग ते मला मारू देत. ती माझं तोंड बघणार न्हाय ते न्हायच. पण असल्या माणसाच्या घरी तिला न कळता जाऊ देणार न्हाय. तिला त्या खोलीपर्यंत मीच नेलंय.

मामाला सगळं सांगितलं. त्यानं शिव्या दिल्या नाहीत.

हे पत्र पोस्टानं न्हाय, मामाचा गडी वीरप्पा सामान घेऊन भूमला चाललाय, तो वाट वाकडी करून तुला देईल. मी मागनं एसटीनं येतो, दुपारी पोचेन. दाजी काय म्हणतील ते म्हणू देत, तू आधी आण्णासाहेबांच्या घरी जा आणि राजनंदिनीजवळ बस. तिचा हात सोडू नको. मी बोलायला लागलो की ते आधी माझ्याकडं न्हाय, तिच्याकडं बघतील.

माया ठेव, असं म्हणायचं तोंड मला न्हाय. जी काय असंल ती आज तिच्या वाट्याला दे.

भागवत